बॅरलच्या स्मोकरला फायरबॉक्स केवढा हवा? मापं काढण्यापासून पहिल्या जाळापर्यंत

बेळगाव परिसरात घरच्या घरी स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवायचं साधन, करायचं ठरवलं की सामान जुळवायला वेळ लागत नाही. २०० लिटरचं जुनं बॅरल मिळतं, उद्यमबाग-मच्छेकडे पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग करून देणारी वर्कशॉपं आहेत, आणि जळणाला बाभूळ, आंबा, चिकू, पेरू सगळं आसपासच आहे. गाडी अडते ती एकाच प्रश्नावर: बाजूला जो आगीचा डबा जोडायचा, तो फायरबॉक्स केवढा करायचा? बहुतेक जण डोळ्यांना शोभेल एवढा करतात. बॅरल मोठं दिसतं म्हणून शेजारी छोटासा डबा बरा दिसतो. मग त्यात जाळ धरत नाही, लाकूड नुसतं धुमसतं, पांढराशुभ्र धूर बॅरलभर कोंडतो आणि चार तासांनी बाहेर निघालेली कोंबडी कडू लागते. दोष मसाल्याला दिला जातो. खरा दोष डब्याच्या मापात असतो.

हा लेख आडव्या बॅरलच्या, बाजूला फायरबॉक्स असलेल्या स्मोकरसाठी आहे. आग एका डब्यात, मांस दुसऱ्यात, आणि मधून फक्त ऊन हवा आणि पातळ धूर जाणार, अशी त्याची रचना. उभ्या बॅरलमध्ये तळाला कोळशाची टोपली ठेवून करतात त्या प्रकाराला वेगळा फायरबॉक्स लागत नाही, त्याचं गणित निराळं.

आधी आग समजून घ्या

निपाणी-संकेश्वर पट्ट्यात ज्यांनी गुऱ्हाळ जवळून पाहिलंय त्यांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. चुलवाणात वाळलेलं चिपाड थोडं थोडं सारत राहिलं आणि धुराडं नीट ओढत असलं की जाळ भडभडून लागतो, कढई उकळते, आणि धूर जवळजवळ दिसतच नाही. चिपाड ओलं असलं किंवा एकदम कोंबलं की काळा-पांढरा धूर सुटतो आणि ऊब कमी होते. स्मोकरचा फायरबॉक्स म्हणजे लहान चुलवाणच.

लाकूड तापलं की त्यातून आधी वाफ आणि जळाऊ वायू निघतात. त्या वायूंना पुरेशी हवा, पुरेशी उष्णता आणि पेटायला पुरेशी जागा मिळाली तर ज्वाला उठते आणि मागे पातळ, निळसर धूर उरतो. तो धूर अन्नाला चव देतो. यातलं काहीही कमी पडलं तर वायू न जळताच पुढे सरकतात, थंड पत्र्यावर आणि मांसावर डांबरासारखे बसतात. कडू चव, जिभेला झिणझिण्या आणि झाकणाच्या आतून ओघळणारा काळा चिकट थर ही त्याची खूण.

म्हणजे फायरबॉक्सचं काम लाकूड साठवणं हे नाही. दोन-तीन ढलप्या ज्वालेनिशी मोकळेपणी जळाव्यात, एवढी जागा देणं हे त्याचं काम. मापं ठरवताना सूत्राआधी ही ज्वाला डोळ्यांसमोर ठेवा.

पायरी १: बॅरलचं खरं आकारमान काढा

टेप घ्या आणि आतून मोजा. साध्या २०० लिटरच्या बॅरलचा आतला व्यास साधारण ५७ सेंमी आणि आतली लांबी साधारण ८५ सेंमी भरते. गणित असं:

व्यास × व्यास × ०.७८५ × लांबी ÷ १००० = लिटर

५७ × ५७ × ०.७८५ × ८५ ÷ १००० = सुमारे २१७ लिटर. बॅरलवर २०० लिहिलेलं असलं तरी काठोकाठ ते एवढं असतं. पुढची सगळी मापं या २१७ वर काढली आहेत. तुमचं बॅरल वेगळं असेल तर तुमचाच आकडा धरा. मांस ठेवायची जाळी कितव्या उंचीवर आहे हे इथे बघायचं नाही, पूर्ण पोकळी मोजायची.

बॅरल निवडताना दोन गोष्टींत तडजोड नको. त्यात आधी खाद्यतेल किंवा फळांचा गर असलेलं चालेल. रसायनं, औषधं, रंग, थिनर असलेलं अजिबात नको, कितीही धुतलं तरी. आतून लाखेसारखा रंगीत थर असेल तर तो बॅरल कापल्यावर, वापरण्याआधी, बाहेर मोकळ्यावर मोठा जाळ करून पूर्ण जाळून, घासून काढावा लागतो. दुसरं म्हणजे कापण्याआधी बॅरल पाण्याने भरून रिकामं करा, आणि गॅस कटर किंवा ग्राइंडर लावताना कापायच्या रेषेच्या जरा खालपर्यंत पाणी ठेवा. रिकाम्या दिसणाऱ्या बॅरलमध्ये तेलाची वाफ साठलेली असली तर एका ठिणगीने स्फोट होतो. आणि काही लोक जुन्या गॅस सिलिंडरचा विचार करतात, तो डोक्यातून काढून टाका. सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचा असतो आणि कापताना जिवाशी खेळ होतो.

पायरी २: फायरबॉक्सचं आकारमान

असे स्मोकर बांधणाऱ्यांमध्ये रूढ असलेला ठोकताळा असा की फायरबॉक्स बॅरलच्या एक तृतीयांश असावा. २१७ चा तिसरा हिस्सा ७२ लिटर. म्हणजे आतून ४२ × ४२ × ४२ सेंमीचा चौकोनी डबा.

हा ठोकताळा मोठ्या स्मोकरला चपखल बसतो. ६० सेंमी व्यासाचा, दीड मीटर लांब जाड पाइप घेतला तर पोकळी ४२४ लिटर, तिसरा हिस्सा १४१ लिटर, म्हणजे ५२ सेंमीचा डबा. त्यात फूटभर लांब लाकूड आरामात आडवं पडतं. बॅरलच्या मापाला आलं की तोच नियम तोकडा पडतो, आणि इथेच नवख्यांचं बिनसतं. कारण लाकूड बॅरलच्या प्रमाणात लहान होत नाही. ज्वाला धरून जळायला ढलपी ३० ते ३५ सेंमी लांब आणि ६-७ सेंमी जाड हवी. त्याहून बारीक काटक्या भुर्रकन जळून जातात आणि दर दहा मिनिटांनी वाकावं लागतं. ३५ सेंमीची ढलपी ४२ सेंमीच्या डब्यात ठेवली की पुढे-मागे जेमतेम दोन-दोन बोटं उरतात. हवा फिरत नाही.

दुसरं कारण बॅरलच्या पत्र्याचं. तो जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड असतो. ऊब धरून ठेवत नाही, वारा लागला की लगेच निवतो. त्यामुळे बॅरलच्या स्मोकरला जाड पाइपच्या स्मोकरपेक्षा प्रमाणात जास्त आग लागते.

म्हणून बॅरलसाठी एक तृतीयांश हा किमान आकडा धरा आणि ४० ते ४५ टक्क्यांपर्यंत जा. आमची शिफारस आतून अशी:

लांबी ५० सेंमी, रुंदी ४८ सेंमी, उंची ४० सेंमी.

५० × ४८ × ४० ÷ १००० = ९६ लिटर, म्हणजे बॅरलच्या ४४ टक्के. लांबी ४५ च्या खाली आणू नका, मग आकडेमोड काहीही सांगो. उंचीही ३८ च्या खाली नको, कारण तळाची १० सेंमी राखेला जाते आणि वर ज्वालेला जवळजवळ फूटभर मोकळं हवं.

मोठा करायचा तर किती मोठा? निम्म्याच्या पुढे जाऊ नका. फार मोठ्या डब्यात लहान आग केली तर तिची ऊब डब्याचा पत्रा तापवण्यातच जाते आणि ज्वाला टिकत नाही. ज्वाला टिकावी म्हणून लाकूड वाढवलं तर बॅरल १८० अंशांच्या पुढे पळतं. तरीही लहान आणि मोठा यांतून निवडायचं झालं तर चूक मोठ्याच्या बाजूने करा. मोठ्या डब्यात दोन विटा टाकून जागा कमी करता येते, लहान डबा ताणून मोठा होत नाही.

आणि ५०-६० लिटरच्या छोट्या पिंपाला लाकडाचा फायरबॉक्स जोडायच्या भानगडीत पडू नका. तिसरा हिस्सा २० लिटर येतो, म्हणजे २७ सेंमीचा डबा. त्यात लाकडाची ज्वाला जगत नाही. तिथे कोळसा आणि वर लाकडाचे दोन तुकडे, हेच बरं.

विटा लावणार असाल तर

फौंड्र्यांमुळे बेळगावात भट्टीची वीट, म्हणजे फायर ब्रिक, काय असते हे कुणाला शोधत जावं लागत नाही. डब्याला आतून ती लावावी असं अनेकांच्या मनात येतं. कल्पना चांगली आहे, ऊब टिकते. पण वीट २३० × ११५ × ७५ मिमीची असते. तळाला आणि दोन्ही बाजूंना ७५ मिमीचा थर दिला की ४८ ची रुंदी ३३ वर येते, ४० ची उंची ३२.५ वर येते, आणि ९६ लिटरचा डबा ५४ लिटरचा होऊन बसतो. मेहनतीने मोठा केलेला फायरबॉक्स विटांनी गिळला. विटा लावायच्याच असतील तर आधी विटांच्या आतलं माप ठरवा आणि मग बाहेरचा पत्रा कापा. नुसत्या तळाला एक थर हा मधला मार्ग चालतो, त्यासाठी उंची ७-८ सेंमीने वाढवा. साधी घरबांधणीची भाजलेली वीट या जागी थोड्याच दिवसांत तडकते.

पायरी ३: गळा

फायरबॉक्समधून बॅरलमध्ये ऊन हवा जाते ते भोक म्हणजे गळा. डबा बरोबर आणि गळा अरुंद, असं झालं तर सगळी मेहनत वाया. नियम: बॅरलच्या दर लिटरमागे १.६ चौरस सेंमी.

२१७ × १.६ = सुमारे ३४७ चौ. सेंमी.

बॅरलच्या गोल तळाच्या खालच्या भागात आडवी रेषा मारून कापलं की चंद्रकोरीच्या पोटासारखा आकार मिळतो. ५७ सेंमी व्यासाच्या वर्तुळात तळापासून ११ सेंमी उंचीवर रेषा मारली तर ती ४५ सेंमी लांब होते आणि तिच्याखालचं क्षेत्रफळ ३४५ चौ. सेंमी येतं. बरोबर हवं तेवढं. फायरबॉक्सची रुंदी ४८ घेतली ती याचसाठी: ४५ चा गळा आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी.

डबा बसवायचा कुठे? डब्याचं छत बॅरलच्या तळरेषेपासून १४ सेंमी वर यावं. म्हणजे गळ्याच्या वर ३ सेंमी पत्रा राहतो आणि डब्याचा २६ सेंमी भाग बॅरलच्या खाली लोंबतो. आग खाली आणि वाट वर, म्हणून ओढ लागते. डबा बॅरलच्या बरोबरीने वर बसवला तर ज्वाला थेट मांसाच्या जाळीवर येते.

इथे वर्कशॉपमध्ये हमखास गोंधळ होतो, तो आधीच सांगून ठेवा. बॅरलच्या दोन्ही टोकांना बाहेर आलेली कड असते आणि तळाचा पत्रा तिच्यापेक्षा दीड-दोन सेंमी आत असतो. डब्याचा सपाट पत्रा टेकवला की तो फक्त कडेला टेकतो, मधे फट राहते. उपाय: डब्याच्या बॅरलकडच्या बाजूला स्वतंत्र पूर्ण पत्रा ठेवा, त्यातही तोच ११ सेंमीचा आकार कापा. खालची गोलाई कडेवर वेल्ड करा आणि वरच्या सरळ रेषेवर मधली फट भरायला २ सेंमीची पट्टी टाका.

जाड पत्रा आणि बॅरलचा पातळ पत्रा एकत्र जोडताना पातळ पत्र्याला भोकं पडतात. मिस्त्रीला करंट कमी ठेवायला सांगा, अडीच मिमीचा रॉड, आणि सलग ओढ न घेता थोडं थोडं टाके घालत जोडायला सांगा.

गळ्यासमोर बॅरलच्या आत एक तिरपी पट्टी लावतात, म्हणजे पहिल्या फूटभरातलं मांस करपत नाही. ती लावा, पण ती गळ्याचा श्वास कोंडते का हे मोजा. पट्टीखालून जाणारी वाटही ३४५ चौ. सेंमीपेक्षा कमी नको. ४५ सेंमी रुंद वाटेला ८ सेंमी अंतर ठेवलं की ३६० होतात. बस.

पायरी ४: हवा आत घेण्याचं तोंड

नियम: फायरबॉक्सच्या दर लिटरमागे १.२ चौ. सेंमी. ९६ × १.२ = ११५ चौ. सेंमी. हा आकडा पूर्ण उघड्या तोंडाचा. पण तोंड थोडं मोठंच कापा, २० × ८ म्हणजे १६० चौ. सेंमी, आणि त्यावर सरकती पट्टी बसवा. जास्तीचं तोंड झाकायला क्षणही लागत नाही, कमी पडलं तर ग्राइंडर पुन्हा काढावा लागतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. इथली हवा कोकणपट्टीच्या मानाने सात-आठ टक्के विरळ. फरक फार नाही, पण गोव्याकडे चाललेलं तंतोतंत माप इथे उचलताना हवेच्या तोंडात काटकसर नको.

तोंड दारावर, डब्यातल्या आगीच्या जाळीच्या पातळीच्या किंचित खाली घ्या. हवा जळत्या लाकडाखालून आली पाहिजे. पावसाळ्यात इथे पश्चिमेचा वारा जोराने वाहतो. तोंड पश्चिमेकडे ठेवलं तर झोत थेट आगीवर येतो आणि उष्णता क्षणात चढते, क्षणात उतरते. स्मोकर असा ठेवा की तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे येईल.

पायरी ५: धुराडं

धुराडं हवा ओढतं म्हणून तेही फायरबॉक्सच्या हिशोबातच येतं. धुराड्याची पोकळी बॅरलच्या साधारण २.२ टक्के धरतात: २१७ × ०.०२२ = सुमारे ४.८ लिटर. चार इंची पाइपचा आतला व्यास साडेदहा सेंमी धरला तर लांबी ५५ सेंमी. तीन इंची पाइप असेल तर ९३-९५ सेंमी. आम्ही चार इंचीच घ्यायला सांगू, आणि लांबी ७५ सेंमी. उंच धुराडं जास्त ओढतं, आणि पातळ बॅरलला ती ओढ उपयोगी पडते. धुराडं फायरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला, मांसाच्या जाळीच्या पातळीवरून निघालेलं असावं. बॅरलच्या माथ्यावरून काढलं तर ऊन हवा मांसाला न शिवता वरच्या वर निघून जाते.

पत्रा आणि जाळी

फायरबॉक्सला ५ ते ६ मिमीचा एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा पत्रा घ्या. वर्कशॉपच्या भाषेत दीड ते दोन सूत. एक सुती, म्हणजे ३ मिमीचा पत्रा पहिल्या दोन-तीन जाळांतच फुगतो, दार वाकडं होतं आणि फटींतून नको तेवढी हवा शिरते. जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, पाइप, नट-बोल्ट काहीही आगीजवळ नको. जस्त तापलं की विषारी वाफ सोडतं, वेल्डिंग करणाऱ्यालाही आणि खाणाऱ्यालाही घातक.

वर दिलेल्या मापाचा डबा ५ मिमीत केला तर नुसत्या पत्र्याचं वजन ५० किलोच्या आसपास जातं. सव्वा मिमीच्या बॅरलवर तो लटकवून चालणार नाही. फायरबॉक्सखाली स्वतंत्र अँगलचे चार पाय हवेतच. हे विसरलं तर पहिल्याच महिन्यात गळ्यापाशी बॅरल पिचकतं.

दाराभोवती २-३ मिमी सैल अंतर ठेवा. ५० सेंमीची पोलादी पट्टी ४०० अंश तापली की सुमारे अडीच मिमी वाढते. थंड असताना घट्ट बसणारं दार तापल्यावर अडकतं, आणि नेमकं लाकूड टाकायच्या वेळी उघडत नाही. फट झाकायला दाराच्या आतून पट्टीची कड द्या, वाटल्यास भट्टीला वापरतात ती फायबर ग्लासची दोरी लावा. जुनी अॅस्बेस्टॉसची दोरी कुणी फुकट दिली तरी नको.

आगीची जाळी १२ मिमी सळईची, सळयांमध्ये १२-१५ मिमी अंतर, तळापासून १० सेंमी वर, आणि उचलून काढता येईल अशी. राख जाळीला टेकली की खालची हवा बंद होते. दर तीन-चार तासांनी खोऱ्याने ओढून काढायला दार तळापर्यंत उघडणारं हवं.

जोडण्याआधी: टाके घालून पहिला जाळ

पूर्ण वेल्डिंग करण्याआधी चार-सहा टाक्यांवर डबा उभा करा आणि मोकळ्या अंगणात पेटवून पाहा. या पायरीला कंटाळू नका. चूक सापडली तर इथे ती अर्ध्या तासात दुरुस्त होते. स्मोकर कधीही बंद शेडमध्ये किंवा पोर्चमध्ये पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. उसाची तोड सुरू असताना शेताच्या कडेलाही नको. धुराड्यातून उडालेली एक ठिणगी वाळलेल्या पाल्याला पुरते.

धुराडं आणि हवेचं तोंड दोन्ही पूर्ण उघडा. तीन-चार मुठी कोळसे फुलवा, त्यावर वाळलेल्या दोन ढलप्या ठेवा आणि दार किलकिलं ठेवून ज्वाला धरू द्या. सुरुवातीला पांढरा धूर येणारच. वीस-पंचवीस मिनिटांत तो पातळ व्हायला हवा. बॅरलच्या झाकणावर, मांसाच्या जाळीच्या उंचीला, एक तापमापक बसवलेला असू द्या. पाऊण तासाच्या आसपास तो १२० अंश सेल्सिअस दाखवत असेल आणि डब्यात ज्वाला दिसत असेल तर माप जमलं. पुढे दर ३०-४० मिनिटांनी एक ढलपी, साधारण किलोभराची, एवढ्यावर बॅरल १०५ ते १३५ अंशांत राहायला हवं.

उष्णता कमी-जास्त करायची ती आगीचा आकार आणि हवेचं तोंड यांनी. धुराडं उघडंच ठेवायचं. धुराडं दाबून ऊब कोंडायची सवय लागली की कडवटपणा परत येतो.

काय बिघडतं आणि का

दार उघडं नसतानाही धूर फायरबॉक्सच्या फटींतून बाहेर येतो: ओढ कमी आहे. आधी धुराडं पूर्ण उघडं आहे का पाहा, मग तिरप्या पट्टीने गळा अडवलाय का ते मोजा. दोन्ही ठीक असेल तर धुराड्याला फूटभर पाइप वाढवा. गार बॅरलमध्ये पहिली दहा मिनिटं असं होतंच, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

ज्वाला दिसते पण बॅरल १०० च्या वर जात नाही: डबा लहान, किंवा लाकूड ओलं. फरक असा ओळखा. ढलपीच्या टोकाला फेस येऊन चुरचुर आवाज येत असेल तर लाकूड ओलं. लाकूड ठणठणीत वाळलेलं असूनही असंच होत असेल तर डबा लहान, किंवा वाऱ्याने बॅरल निवतंय. वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा उभा करून पुन्हा पाहा.

हवेचं तोंड बंद केलं तरी उष्णता चढतच जाते: हवा दुसरीकडून शिरतेय. रात्री डब्यात टॉर्च लावून दार बंद करा, प्रकाश जिथून बाहेर येईल ती फट.

तोंड थोडं बंद केलं की लगेच पांढरा धूर: आग डब्याच्या मानाने नव्हे, बॅरलच्या गरजेच्या मानाने मोठी आहे. हवा तोडून ती दाबू नका. पुढची ढलपी बारीक टाका.

फायरबॉक्सकडचं टोक १६०, धुराड्याकडचं १०० अंश: आडव्या स्मोकरमध्ये थोडा फरक राहतोच. एवढा असेल तर तिरपी पट्टी आणखी १०-१५ सेंमी लांबवा. कोंबडीच्या तंगड्या गरम टोकाला, मटणाचा मोठा तुकडा थंड टोकाला ठेवला तर उरलेला फरक कामी येतो. कोंबडी आतून ७४ अंशांना पोहोचल्याशिवाय काढू नका, वरून रंग कितीही सुंदर आलेला असो.

जळणाबद्दल थोडं

माप कितीही अचूक असलं तरी जून ते सप्टेंबरात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या हवेत उघड्यावर ठेवलेलं लाकूड जळणार नाही. बाभूळ जड असते, चिरून सावलीत रचल्यावर किमान सहा महिने द्या. हिवाळ्यात फोडलेली पावसाळ्याआधी छपराखाली घ्या. वाळलेल्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो, ओल्या असल्या की बद्द. अथणी, गोकाक, सौंदत्तीकडे बाभूळ भरपूर, तिचा जाळ कडक आणि निखारा टिकाऊ. आंबा, पेरू, चिकू यांचा धूर सौम्य, कोंबडीला छान. निलगिरी, कडुलिंब, साग नको. कण्हेर आणि रुई तर फायरबॉक्सच्या आसपासही नको, ती विषारी आहेत. चंदगड-खानापूर भागात काजूची टरफलं मिळतात आणि तेलामुळे झपाट्याने पेटतात म्हणून मोह होतो. त्या तेलाचा धूर डोळ्यांना, घशाला आणि कातडीला जाळतो, अन्नाच्या जवळही तो नको. रंग दिलेलं, प्लायचं किंवा जुन्या दारं-खिडक्यांचं लाकूडही बाजूला ठेवा.

पहिल्या चाचणीत सगळं जमलं की पूर्ण वेल्डिंग करून घ्या, आतून गोडेतेलाचा पातळ हात फिरवा आणि रिकामा स्मोकर १३० अंशांवर तीन तास चालवा. तेल पत्र्यावर बसून काळसर होतं आणि गंज अडवतं. बाहेरून फायरबॉक्सला उष्णता सोसणारा रंग द्या, साधा ऑइलपेंट पहिल्याच दिवशी जळून सोलतो. आतून मात्र कुठलाही रंग नको. काम झालं की राख त्याच दिवशी, पूर्ण विझल्याची खात्री करून, काढून टाका. राखेने दमट हवेतलं पाणी शोषलं की तळाचा पत्रा खालून नाही, आतून कुजतो. धुराड्यावर पावसाळ्यात एक उलटा डबा घालून ठेवा, आणि पेटवण्याआधी तो काढायला विसरू नका.